जुन्या अमेरिकन टेलिफिल्म्स: आठवण खरी, प्रत खोटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत खास टीव्हीसाठी बनलेले काही चित्रपट प्रश्नकर्त्याने पूर्वी व्हिडिओ कॅसेटवर पाहिले होते. आता ते ऑनलाइन शोधून पुन्हा पाहिले, तर चित्र पुसट, रंग गुलाबी आणि गोष्ट मधेमधे तुटल्यासारखी वाटली. त्यातल्या कलाकारांचे अलीकडचे फोटो पाहून तर आणखीच हळहळ वाटली. मग हे चित्रपट मुळात चांगले होते, की तेव्हा आपलं वय लहान होतं एवढंच? आणि आज पाहायचे तर कसे?

जुन्या फिल्म्स स्कॅन करणं आणि त्यांचे रंग जुळवणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. त्यात टीव्हीसाठी बनलेल्या फिल्म्स भरपूर हाताखालून गेल्या. त्या अनुभवावरून सांगतो: तुमची आठवण बरीचशी बरोबर आहे, पण तुमच्या समोर आलेली प्रत फार वाईट आहे. आणि कलाकारांच्या म्हातारपणाबद्दल जी हुरहुर वाटते, ती या फिल्म्समध्ये पहिल्या दिवसापासूनच होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन वाहिन्या साठच्या दशकात थिएटरमध्ये चालून गेलेले चित्रपट विकत घेऊन दाखवायच्या. त्यांचे भाव वाढत गेले आणि चांगले चित्रपट संपत आले. मग आपणच का बनवू नयेत, असा विचार सुरू झाला. एनबीसी ही वाहिनी आणि युनिव्हर्सल हा स्टुडिओ यांनी मिळून ७ ऑक्टोबर १९६४ ला ‘सी हाउ दे रन’ दाखवला. टीव्हीसाठी बनलेला पहिला चित्रपट म्हणून सहसा त्याचंच नाव घेतलं जातं. खरं तर दिग्दर्शक डॉन सीगलचा ‘द किलर्स’ त्याच्याही आधी यायचा होता. पण तो टीव्हीसाठी फारच हिंसक ठरला आणि थिएटरकडे वळवला गेला. रोनाल्ड रेगन यांची चित्रपटातली ती शेवटची भूमिका. पुढे सप्टेंबर १९६९ मध्ये एबीसी वाहिनीने दर आठवड्याला एक नवी फिल्म द्यायला सुरुवात केली, ‘मूव्ही ऑफ द वीक’ या नावाने. तिच्यामागे बॅरी डिलर हा सत्ताविशीतला अधिकारी होता. नव्वद मिनिटांचा वेळ, त्यातून जाहिराती वजा केल्या की उरायची त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर मिनिटांची फिल्म. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता मुख्य गोष्ट. कलाकारांना करारावर बांधून ठेवणारी जुनी स्टुडिओ पद्धत तोवर मोडीत निघाली होती. थिएटरला तरुण प्रेक्षक हवा होता आणि पडद्यावर तरुण चेहरे. तीस-चाळीसच्या दशकांत ज्या नट्यांच्या नावावर चित्रपट चालत, त्यांना पन्नाशीनंतर कुणी मुख्य भूमिका देईना. टीव्हीला मात्र त्यांची गरज होती, कारण त्यांना ओळखणारा प्रेक्षक आता संध्याकाळी घरीच बसत होता. बार्बरा स्टॅनविक १९७० मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, ‘द हाउस दॅट वुड नॉट डाय’मध्ये नायिका म्हणून आली. मूकपटांची सम्राज्ञी ग्लोरिया स्वॉन्सन पंचाहत्तरीला टेकलेली असताना ‘किलर बीज’मध्ये घराण्याची कर्ती बाई झाली. १९७१ च्या एका फिल्ममध्ये तर हेलन हेज, मर्ना लॉय, मिल्ड्रेड नॅटविक आणि सिल्व्हिया सिडनी अशा चार वयस्क बायका मुख्य पात्रं आहेत. त्या गंमत म्हणून संगणकावरून जोड्या जुळवणाऱ्या कंपनीकडे एका काल्पनिक मुलीचा अर्ज पाठवतात आणि एका माथेफिरूला नकळत आमंत्रण देतात. चार म्हाताऱ्यांवर उभी असलेली रहस्यकथा थिएटरसाठी त्या काळात कुणी काढली असती, असं मला वाटत नाही.

यातली माझी सर्वांत आवडती ‘द स्क्रीमिंग वूमन’, जानेवारी १९७२ ची. ऑलिव्हिया डी हॅविलँड त्यात मानसिक आजारातून उठून घरी परतलेली श्रीमंत बाई आहे. आपल्याच जमिनीखालून एका बाईचा आवाज येतोय, कुणीतरी जिवंत पुरली गेली आहे, हे तिला कळतं. घरच्यांना वाटतं, हिचं डोकं पुन्हा फिरलं. तिने स्वतः खणावं, तर संधिवाताने हात आखडलेले. ही फिल्म पाहताना तिच्या हातांकडे बघा. भीती त्या हातांमधून येते. जमिनीखालची बाई मरणाच्या दारात आहे आणि वरच्या बाईला फावडं धरवत नाही, एवढ्यावर सव्वा तास पेलला आहे. पंचावन्न वर्षांच्या नटीचं वय लपवण्याऐवजी लेखकाने त्याचीच कथा केली. ‘गॉन विथ द विंड’मध्ये तिने केलेली मेलनी ज्यांनी तरुणपणी पाहिली होती, ते प्रेक्षक आता तिच्याचबरोबर म्हातारे होत घरी बसून हे पाहत होते. म्हणून म्हणतो, तुम्हाला आज जी हुरहुर वाटते ती १९७२ च्या प्रेक्षकालाही वाटत होती. फक्त त्यांची मेलनी तुमच्या वाट्याला आली नाही, तुमच्या वाट्याला दुसरे कलाकार आले.

या फिल्म्सची घडणही चेहऱ्यांना धार्जिणी होती. शूटिंगला मिळायचे बारा-पंधरा दिवस. मोठे सेट, गर्दीची दृश्यं, सावकाश सजवलेले लांबचे शॉट हे सगळं परवडणारं नव्हतं. शिवाय घरातल्या छोट्या पिक्चर ट्यूबवर लांबच्या शॉटमधलं काही दिसतही नसे. मग कॅमेरा माणसाजवळ जायचा आणि तिथेच थांबायचा. स्पीलबर्गचा ‘ड्युएल’ नोव्हेंबर १९७१ मध्ये आला. एका मोटारवाल्याच्या मागे एक ट्रक लागतो, एवढीच त्याची गोष्ट. त्याचं शूटिंग जेमतेम दोन आठवड्यांत झालं. सगळे त्यातल्या ट्रकबद्दल बोलतात आणि तो ट्रक जबरदस्त आहेच. पण ट्रकचा चालक शेवटपर्यंत दिसत नाही, म्हणून सगळा भार नायक डेनिस वीव्हरच्या घामेजलेल्या चेहऱ्यावर आहे. आरशात बघणारे डोळे, कोरडे ओठ, उगाच केलेलं हसू. सत्तेचाळीस वर्षांच्या, थोड्या थकलेल्या माणसाचा तो चेहरा आहे. तिथे देखणा तरुण नायक असता तर ही फिल्म पडली असती.

चेहऱ्यावर उभी असलेली फिल्म म्हटली की प्रतीचा दर्जा हा जिवाचा प्रश्न होतो. इथे जरा खोलात जातो.

फिल्मवर दाणे असतात, ज्याला आम्ही ग्रेन म्हणतो. प्रतिमा त्या दाण्यांचीच बनलेली असते. हल्ली जुन्या कॅसेटवरून काढलेल्या प्रती सॉफ्टवेअरमधून ‘सुधारून’ टाकलेल्या आढळतात. ते सॉफ्टवेअर दाण्यांना कचरा समजतं. पण वयस्क माणसाच्या त्वचेवरच्या बारीक सुरकुत्या, रंध्रं, ओठांवरच्या उभ्या रेघा यांचा आकार पडद्यावर जवळपास त्या दाण्यांएवढाच असतो. दाणे पुसताना त्या रेघाही जातात. मग उरतो मेणाचा गाल आणि त्यावर कृत्रिमरीत्या धारदार केलेल्या पापण्या. साठीतल्या नटीचा क्लोज-अप असा पुसला जातो तेव्हा फिल्मचा मजकूरच पुसला जातो, कारण तिने जे काही करून दाखवलं ते त्या रेघांमधूनच. या प्रकाराची मला मनापासून चीड आहे. पुसट पण प्रामाणिक प्रत आणि चकचकीत पण मेणचट प्रत यांपैकी एक निवडायची असेल तर पुसट घ्या.

गुलाबी रंगाचं कारण वेगळं आहे. त्या काळच्या बहुतेक रंगीत प्रिंट ईस्टमन फिल्मवर काढलेल्या. तिच्यातला निळसर-हिरवा रंग आधी उडतो, पिवळाही फिका होतो आणि शेवटी मजेंटा, म्हणजे जांभळट-गुलाबी, तेवढा उरतो. छोट्या टीव्ही केंद्रांसाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रिंट वर्षानुवर्षं उकाड्यात पडून राहिल्या. संग्राहकांकडे बहुधा त्याच पोचल्या आणि ऑनलाइन फिरणाऱ्या अनेक प्रती त्यांवरूनच आल्या आहेत. उडालेला रंग बटण फिरवून पूर्ण परत येत नाही. लाली कमी केली की माणसांचे चेहरे मातकट होतात. मूळ निगेटिव्ह मात्र बऱ्याचदा शाबूत असते. ती सापडून नीट स्कॅन झाली की तुम्हाला विश्वास बसणार नाही इतकी टवटवीत फिल्म दिसते. ‘द नाइट स्टॉकर’ या टेलिफिल्मचं नवं ४ के रिस्टोरेशन, म्हणजे बारीक तपशिलासह स्कॅन करून दुरुस्त केलेली प्रत, २०१८ मध्ये डिस्कवर आलं. त्यातली लास व्हेगासची रात्र पाहा आणि मग तुमच्याकडची जुनी प्रत पाहा.

निगेटिव्ह हाती आली म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. कमी पैशांच्या फिल्म्समध्ये रात्रीची दृश्यं सर्रास भर दुपारी शूट करत आणि प्रिंट काढताना लॅबमध्ये ती काळी-निळी करत. निगेटिव्हमध्ये ती दुपारच असते. हे माहीत नसलेला कलरिस्ट, म्हणजे रंग जुळवणारा, ते दृश्य स्वच्छ, उजळ करून ठेवतो आणि मग नायिका लख्ख उन्हात टॉर्च घेऊन चाचपडत फिरताना दिसते. असं काही दिसलं की दिग्दर्शकाला हसू नका. अशा वेळी मूळ छायालेखक हयात असेल तर त्याला बोलावतात. बहुतेकदा तो नसतो. मग आम्ही त्वचेवरून अंदाज बांधतो. कपडे, भिंती, गाड्या यांचे रंग काहीही असू शकतात, पण माणसाच्या कातडीला फार फसवता येत नाही. एका नटाचा चेहरा बरोबर लागला की अख्खं रीळ मार्गी लागतं.

सत्तरच्या सुरुवातीच्या फिल्म्स आज ऐंशीच्या उत्तरार्धातल्या फिल्म्सपेक्षा चांगल्या दिसू शकतात, हे अनेकांना खरं वाटत नाही. आधीच्या फिल्म्सची निगेटिव्ह कापून जोडलेली असते, म्हणजे तयार फिल्म निगेटिव्हच्या रूपात अस्तित्वात असते. पुढे खर्च आणि वेळ वाचवायला शूटिंग फिल्मवर आणि संकलन व्हिडिओ टेपवर अशी पद्धत आली. त्यात पूर्ण झालेली फिल्म फक्त टेपवरच असते, टीव्हीच्या तेव्हाच्या ५२५ ओळींच्या दर्जाची. ती सुधारायची तर कच्च्या निगेटिव्हचे डबे शोधून पुन्हा एकेक शॉट जोडत बसावं लागतं. एका टेलिफिल्मसाठी एवढा खर्च कोण करणार? त्यामुळे १९८८ ची फिल्म पुसट दिसली तर कधीकधी तीच तिची उपलब्ध असलेली सर्वोत्तम प्रत असते.

लांबीकडे नक्की लक्ष द्या. चौऱ्याहत्तर मिनिटांची फिल्म एकाहत्तर मिनिटांत संपत असेल तर ती बहुधा युरोपातल्या टेपवरून आली आहे. तिथे सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, म्हणून सगळं चार टक्क्यांनी जलद होतं आणि आवाज चढा, पातळ लागतो. जुन्या काळातली मोठी नटी बेटी डेव्हिस हिचा म्हातारपणीचा तो खरखरीत, जड आवाज अशा प्रतीत अर्धा उणा होतो. उलट फिल्म नव्वद मिनिटांची निघाली तर तिच्यात नंतर भर घातलेली असू शकते. ‘ड्युएल’चंच घ्या. परदेशी थिएटरसाठी त्यात शाळेची बस, रेल्वे फाटक, बायकोशी फोनवरचं बोलणं अशी दृश्यं वाढवली. काही वाईट नाहीत, पण मूळ फिल्म जास्त घट्ट आहे. आणि चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणून बघू नका, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. वरखाली कापून रुंद केलेली प्रतही शक्यतो टाळा, त्यात कपाळं आणि हनुवट्या जातात.

गोष्ट तुटक वाटण्याचं कारण जाहिराती. दर दहा-बारा मिनिटांनी जाहिरात यायची, म्हणून लेखक दर वेळी एका धक्क्यावर पडदा पाडायचे. जाहिराती गेल्या, ते अंधार तेवढे राहिले. सलग पाहताना ते धक्के एकावर एक येतात आणि बटबटीत वाटतात. माझा सल्ला असा की पडदा काळा झाला की खरंच थांबा, पाणी प्या, दोन मिनिटांनी पुढे चालू करा. लेखनातली कारागिरी लगेच जाणवेल. रिचर्ड मॅथिसन या बाबतीत सगळ्यांचा बाप. ‘ड्युएल’, ‘द नाइट स्टॉकर’ आणि ‘ट्रिलॉजी ऑफ टेरर’मधली भाला घेतलेल्या बाहुलीची गोष्ट, तिन्ही पटकथा त्याच्याच.

त्या बाहुलीबद्दल मला सतत विचारणा होते. लोकांना फिल्मचं नाव आठवत नाही, त्यातल्या नटीचं, कॅरेन ब्लॅकचं, नावही आठवत नाही, पण सोफ्याखालून धावणारी ती बाहुली आठवते. याचं कारण त्या काळच्या पाहण्यात आहे. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर अमेरिकेत १९७५ पासून येऊ लागले आणि सर्रास व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर फिल्म एकदा लागायची, फार तर पुन्हा एकदा, मग कधीतरी मध्यरात्री. बाकी जे काही राहायचं ते डोक्यात. त्यात आपण भरही घालतो. बाहुलीची ती गोष्ट पुन्हा पाहाल तेव्हा लक्षात येईल की बाहुली आठवते त्यापेक्षा खूप कमी वेळ दिसते. कॅरेन ब्लॅक जवळजवळ एकटीच फ्लॅटमध्ये आहे आणि आईशी फोनवर बोलताना तिचा आवाज कसा लहान मुलीसारखा होत जातो, ते खरं भयंकर आहे.

आता कलाकारांच्या म्हातारपणाबद्दल आणि जाण्याबद्दल. ‘ड्युएल’चा वीव्हर २४ फेब्रुवारी २००६ ला गेला आणि ‘द नाइट स्टॉकर’चा डॅरेन मॅकगेव्हिन दुसऱ्याच दिवशी. जानेवारी २०२१ तर फार जिव्हारी लागला. २३ तारखेला हॅल हॉलब्रुक, २७ ला क्लोरिस लीचमन, २८ ला सिसिली टायसन, एका आठवड्याच्या आत तिघं. हॉलब्रुकने १९७२ मध्ये ‘दॅट सर्टन समर’मध्ये आपल्या मुलाला स्वतःच्या समलैंगिकतेबद्दल सांगणारा बाप केला होता, तोही थिएटरमधले मोठे चित्रपट त्या विषयाला असं हात लावायला कचरत होते तेव्हा. ‘ब्रायन्स साँग’मधला जेम्स कान २०२२ मध्ये गेला. बेटी डेव्हिसबरोबर १९७९ मध्ये ‘स्ट्रेंजर्स’ करणारी जीना रोलंड्स २०२४ मध्ये.

फोटो पाहून वाईट वाटतं हे मी समजू शकतो. पण फोटो शेजारी शेजारी ठेवून ‘तेव्हा आणि आता’ असं बघणं सोडा, असं मी कळकळीने सांगेन. त्याऐवजी टायसनची ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन’ बघा. जानेवारी १९७४ मध्ये ती दाखवली गेली तेव्हा टायसन एकोणपन्नास वर्षांची होती. गुलामगिरीत जन्मलेल्या बाईचं ११० वर्षांपर्यंतचं आयुष्य तिने त्यात केलं. स्टॅन विन्स्टन आणि रिक बेकर यांनी रंगभूषा केली होती. शेवटी ती म्हातारी काठी टेकत फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या पाण्याच्या नळाकडे चालत जाते आणि पाणी पिते. संवाद नाही, घाई नाही. पाऊल किती उचलायचं, काठीवर वजन कधी टाकायचं, मान किती ताठ ठेवायची, हे सगळं तिने ठरवून केलं आहे. पुढे टायसन खरोखरच शहाण्णव वर्षं जगली आणि अखेरपर्यंत काम करत राहिली. तिचे नव्वदीतले प्रसंग त्या चालीशेजारी ठेवून पाहा. म्हातारपण कसं असतं याचा तिने पन्नाशीच्या आत केलेला अभ्यास किती अचूक होता ते कळेल, आणि हळहळीच्या जागी बहुधा आदर येईल.

सगळ्याच फिल्म्स चांगल्या होत्या का? मुळीच नाही. आठवड्याला एक या वेगाने काढलेल्या फिल्म्समध्ये बऱ्याच सामान्य होत्या, काही अगदी टाकाऊ. मालिकेची चाचणी म्हणून बनवलेल्या अनेक फिल्म्सना धड शेवटही नाही. पण जे विषय थिएटर टाळत होतं ते या माध्यमाने घराघरात नेले. १९८४ ची ‘द बर्निंग बेड’ नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईवर होती आणि फॅरा फॉसेटने त्यात स्वतःची पोस्टरवरची प्रतिमा पूर्ण पुसून टाकली. १९८५ च्या ‘ॲन अर्ली फ्रॉस्ट’मध्ये एड्स झालेल्या मुलापासून घरातली माणसं बिचकतात, आणि आजी झालेली सिल्व्हिया सिडनी त्याला जवळ घेते. १९८३ च्या ‘द डे आफ्टर’ने अणुयुद्ध दाखवलं, तेव्हा एका रात्री दहा कोटींच्या घरात लोक टीव्हीसमोर होते.

सुरुवात करायची तर मी हा क्रम सुचवेन: ‘द स्क्रीमिंग वूमन’, मग ‘ड्युएल’ची चौऱ्याहत्तर मिनिटांची आवृत्ती, मग ‘जेन पिटमन’. शक्य असेल तिथे डिस्क घ्या. अनेक डिस्कवर कलाकार-तंत्रज्ञांच्या मुलाखती असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी त्या फिल्मबद्दल सविस्तर बोलल्याची ती एकमेव नोंद आहे. एखादी फिल्म नावानिशी आठवत नसेल तर कथानक कमी लिहा आणि बाकीचं जास्त: साधारण कोणत्या वर्षी पाहिली, लांबी किती वाटली, आवाज कुणाचा ओळखीचा होता, घर कसं होतं, शेवटचा शॉट कोणता. कथानकं एकमेकांसारखी असतात. शोध बहुतेक वेळा एखाद्या नटाच्या चेहऱ्यावरून किंवा शेवटच्या शॉटवरून लागतो.